तुरट म्हणजे काय? नेब्बिओलोच्या निमित्ताने



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन प्रश्न माझ्यापर्यंत पोचले. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने वाइनवर काय बोलायचं, हा एक. आणि चाखायला मिळणार का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही, मध्यंतरात चहाच आहे. पहिल्याचं उत्तर पुढच्या तासाभरात देण्याचा प्रयत्न करतो. आणखी एक, म्हणजे गैरसमज नको. कुणी प्यायला लागावं असं मी सांगत नाही. न पिणाऱ्यांनी न पिताच ऐकावं, त्यांचं काही अडणार नाही. कारण मला बोलायचंय ते चवीविषयी आपण जे बोलतो त्याबद्दल.

ठाण्यात घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांमधून, आणि आता कल्याण-डोंबिवलीतही, वाइन टेस्टिंगच्या संध्याकाळी होतात. मला त्यात गैर काही वाटत नाही. नाहीतर आपल्याकडे 'वाइन शॉप' या शब्दाचा अर्थ काय आहे? ज्या दुकानात वाइन सोडून सगळं खपतं ते दुकान. तेव्हा वाइन ही वाइन म्हणून समजून घ्यायला चार माणसं जमतात, हे बरंच आहे. माझी तक्रार तिथे जे बोललं जातं त्याबद्दल आहे. ग्लास हातात आला, घोट घेतला, की दोनच प्रकारची वाक्यं येतात. पहिलं, "स्मूथ आहे." दुसरं, "ब्लॅकबेरी, सीडर, थोडं ग्रॅफाइट." पहिलं वाक्य व्हिस्कीच्या जगातून आलेलं आहे आणि त्याचा अर्थ एवढाच की घशाखाली उतरताना त्रास झाला नाही. दुसरं वाक्य बाटलीच्या पाठीमागून किंवा इंग्रजी पुस्तकातून आलेलं आहे. ब्लॅकबेरी आपल्यापैकी किती जणांनी झाडावरून तोडून खाल्लीय? आणि ग्रॅफाइट म्हणजे शिसपेन्सिल हो! ती तर आपण सगळ्यांनी शाळेत चावलेली आहे. पण "शिसपेन्सिलीसारखा वास येतो" असं एकही जण म्हणत नाही. म्हटलं तर ते टेस्टिंग वाटणार नाही, अशी भीती असते.

या दोन्ही वाक्यांना मी पळवाटा म्हणतो. पहिलं फक्त माझ्याबद्दल बोलतं, दुसरं फक्त पुस्तकाबद्दल. ग्लासात जे आहे त्याबद्दल दोन्ही गप्प. आणि या पळवाटा उघड्या पाडणारं द्राक्ष कुठलं, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव घेईन: नेब्बिओलो.

इटलीच्या वायव्येला पिएमोंते नावाचा प्रांत आहे. तिथे आल्बा या गावाच्या आसपास लांगे नावाच्या टेकड्या आहेत. बारोलो आणि बार्बारेस्को या दोन प्रसिद्ध वाइन तिथल्या. दोन्ही फक्त नेब्बिओलोच्या, त्यात दुसरं द्राक्ष मिसळायचं नाही असा कायदा आहे. बारोलो काढणीनंतर किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडात. बार्बारेस्कोला २६ महिने, त्यातले ९ लाकडात. 'नेब्बिया' म्हणजे इटालियनमध्ये धुकं. ऑक्टोबरात द्राक्ष उतरवायच्या सुमारास या टेकड्यांवर धुकं येतं, त्यावरून नाव पडलं असं बहुतेक लोक सांगतात. कोंब लवकर फोडणारं आणि पिकायला सर्वांत उशीर लावणारं हे द्राक्ष. एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे सहा महिन्यांहून जास्त ते वेलीवर असतं.

आता ग्लासात बघा. रंग फिका. फिकट माणिकासारखा, आणि चार-पाच वर्षांत कडेला विटकरी-नारिंगी होत जाणारा. ग्लासामागे धरलेलं वर्तमानपत्र जवळजवळ वाचता येईल. बघणारा लगेच म्हणतो, "लाइट वाइन दिसतेय." आणि मग घोट घेतो, आणि तोंड आवळून बसतो.

डोळा जिभेला किती फसवतो यावर बोर्दोमध्ये एक प्रयोग झाला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली, आणि तीच वाइन वास नसलेला लाल रंग घालून दिली. लाल दिसणाऱ्या ग्लासाचं वर्णन त्यांनी रेड वाइनच्या शब्दांत केलं. यावरून वाइनची सगळी समीक्षा म्हणजे थोतांड, असा निष्कर्ष वर्तमानपत्रवाल्यांनी काढला. मला तो उतावीळ वाटतो. त्या प्रयोगात वासाचे शब्द तपासले होते, आणि वासाचे शब्द डोळ्याच्या मागे धावतात एवढंच त्यातून दिसलं. नेब्बिओलोत नेमकं उलटं घडतं. डोळा एक सांगतो आणि जीभ त्याला खोटं पाडते. कारण जिभेवर जे येतं ते वास नाही, ते आहे तुरट.

इथे जरा थांबू. मुक्कामाची जागा ही आहे.

इंग्रजीत या गोष्टीसाठी घरगुती शब्दच नाही. 'अ‍ॅस्ट्रिंजंट' हा शब्द औषधाच्या बाटलीवरचा. चाखणारे मग 'ड्राय', 'ग्रिप', असं काहीबाही म्हणत राहतात, आणि 'ड्राय' म्हणजे तुरट की गोड नसलेली, हा घोळ तर कायमचाच. आपल्याकडे पाच वर्षांचं पोरसुद्धा सांगतं, "आई, हे तुरट आहे." बदलापूरचं जांभूळ खाल्लंत, काजूचं बोंड खाल्लंत, कच्चं केळं चावलंत, आवळा चघळलात, की तुरट. विड्यातला काथ तुरट, सुपारी तुरट. आणि हे नुसतं साम्य नाही. काथ, सुपारी आणि द्राक्षाची साल-बी यांतली तुरट द्रव्यं रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातली आहेत. टॅनिन म्हणतात ते हेच. टॅनिन हा शब्द चामडं कमावण्यावरून आला. आपल्याकडे चामडं हिरड्याने, बाभळीच्या सालीने कमावत. कातड्यातल्या प्रथिनांना ही द्रव्यं धरतात आणि ते घट्ट करतात. तुमच्या लाळेतही प्रथिनं असतात. त्यांच्यामुळे जीभ बुळबुळीत राहते. टॅनिन त्यांनाच धरतं, आणि वंगण निघून गेल्यासारखी जीभ खरखरीत होते. थोडक्यात, बारोलोचा पहिला घोट म्हणजे जीभ कमावण्याचा कारखाना!

मग प्रश्न असा, की तुरट ही चव आहे का? आधुनिक शरीरशास्त्र सांगतं की हा मुख्यतः स्पर्श आहे. आपली परंपरा म्हणते चव. षड्रसांत कषाय आहेच. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रस हा गुण सहा प्रकारचा सांगितलाय, त्यात कषाय येतो, आणि स्पर्श हा वेगळा गुण, त्याचे प्रकार शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत. म्हणजे नैयायिकांच्या कपाटात कषाय जिभेच्या खणात ठेवलेला आहे. (जाता जाता, तिथला कटु म्हणजे आपला तिखट आणि तिक्त म्हणजे आपला कडू, हे विसरू नका. पुष्कळजण उलटं धरतात.) पण चरकसंहिता उघडली की गंमत दिसते. चरक कषायाची ओळख कशी करून देतो? जीभ जड होते, ताठरते, कंठ आवळल्यासारखा होतो, अशी. ही सगळी भाषा स्पर्शाची आहे! खण चवीचा आणि वर्णन स्पर्शाचं. याला मी गोंधळ म्हणत नाही. चरक त्या रसाचं काम काय ते नेमकं सांगतोय. तुरट ओळखायचं ते त्याच्या करणीवरून: कुठे येतं, केव्हा येतं, किती टिकतं, काय करून जातं.

वाइनच्या समीक्षेत मला हेच हवंय. फळांच्या यादीपेक्षा करणीचं वर्णन.

आता थोडं तत्त्वज्ञान, फार नाही. कांटने १७९० साली न्यायशक्तीची मीमांसा लिहिली. रा. भा. पाटणकरांमुळे मराठीत ती आपल्याला परकी राहिलेली नाही. कांट सुखद आणि सुंदर यांत फरक करतो, आणि सुखदाचं उदाहरण म्हणून वाइनच घेतो, कॅनरी बेटांवरची. ही वाइन सुखद आहे असं कुणी म्हणालं, तर तो म्हणतो, त्यात "मला" हा शब्द घालायला पाहिजे. मला सुखद आहे. तिथे वाद संपला. सुंदर म्हणताना मात्र आपण दुसऱ्यानेही मान्य करावं अशी मागणी करत असतो. पुढे हेगेलने तर चव आणि वास यांना कलेच्या दारातच अडवलं. डोळा आणि कान यांनाच आत प्रवेश. जी वस्तू भोगताना संपते, तिच्याकडे स्वस्थपणे बघता येत नाही, असा त्याचा मुद्दा. आपल्याकडे प्रवास उलट दिशेने झाला. नाट्यशास्त्रात रस म्हणजे काय हे सांगताना भरत स्वयंपाकघरात शिरतो. नाना व्यंजनांनी युक्त अन्न खाणारा जसा रस चाखतो, तसा प्रेक्षक. आता हा दृष्टान्त आहे, भरत जेवणाला नाटक म्हणत नाही, एवढं भान ठेवू. तरी 'आस्वाद' हा शब्द आपण कवितेला लावतो, तो जिभेवरूनच आलाय.

कांटची अडचण मला नेब्बिओलोपाशी जाणवते. कोवळी बारोलो सुखद नसते. तोंड आवळतं, आंबटपणा चढा, मद्यार्क चढा. आणि तरी अनुभवी माणूस म्हणतो, "मला आत्ता आवडत नाहीये, पण उत्तम आहे." वाइनचा मामला नुसता सुखदाचा असता तर हे वाक्य निरर्थक ठरलं असतं. पण ते निरर्थक नाही. आपल्याला कळतं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आक्षेप आहे. "सर, उत्तम म्हणतोय तो किंमत बघून." बरोबर! इटलीची वाइन आपल्याकडे येताना गेली अनेक वर्षं १५० टक्के आयात शुल्क भरून आलेली आहे. एवढे पैसे मोजल्यावर कुणाला ती वाईट लागेल? मग ढोंग आणि पारख वेगळी कशी करायची?

इथे ह्यूम मदतीला येतो. १७५७ सालच्या अभिरुचीवरच्या निबंधात त्याने सांचो पांझाची गोष्ट सांगितलीय. सांचोच्या दोन नातेवाइकांना पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला चांगली आहे, पण जरा चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला चांगली आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांना हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी सापडली एक जुनी किल्ली, चामड्याच्या वादीला बांधलेली. या गोष्टीत मला महत्त्वाची वाटते ती किल्ली. चाखणाऱ्याने असं काहीतरी दाखवावं जे दुसऱ्याला शोधता येईल. "हिरड्यांवर, वरच्या ओठाच्या आत, तुरटपणा येतोय, पण खरखरीत नाही, बारीक पिठासारखा आहे, आणि तो येईपर्यंत आंबटपणा टिकून आहे." हे वाक्य ऐकून मी पुन्हा घोट घेऊ शकतो आणि म्हणू शकतो, हो, किंवा नाही. "स्मूथ आहे" यावर मी काय शोधणार? ज्याच्या बोलण्याने माझा दुसरा घोट पहिल्यापेक्षा वेगळा होतो, तो पारखी. किंमत त्याला माहीत असो वा नसो.

मर्ढेकरांनी लयीचे तीन प्रकार मानले: संवाद, विरोध, समतोल. वाइनला ती परिभाषा लावलेली त्यांना रुचली असती की नाही, देव जाणे. पण विरोध आणि समतोल हे दोन शब्द नेब्बिओलोला चपखल बसतात. रंग फिका, ताकद दांडगी. वासाला डांबर आणि गुलाब, हे तर या वाइनचं जगभर सांगितलं जाणारं लक्षण. मराठी माणसाला डांबर म्हटलं की कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आठवतात, त्या मनातून काढून टाका. पावसाळ्याआधी रस्ता करताना ताजं गरम डांबर ओततात, तो वास. अगदी पुसट. आणि गुलाब ताजा नव्हे, देव्हाऱ्यातला दोन दिवसांचा, पाकळ्या सुकत आलेल्या. फळ म्हणाल तर पुस्तकं चेरी सांगतात. मी अमसूल सांगेन. आंबट, लालसर, किंचित तुरट. जुळतंय का ते तुम्ही पारखा, नाही जुळलं तर तसं म्हणा.

या तुरटपणावरून खुद्द बारोलोत भांडणं झाली आहेत. १९८०च्या दशकात काही तरुण उत्पादकांनी ठरवलं, आपली वाइन जगाला कडक वाटते, ती मऊ करू. साली रसात महिना-दीड महिना ठेवायच्या, त्या थोडेच दिवस ठेवायच्या. जुनी मोठी पिंपं काढून फ्रेंच पद्धतीची २२५ लिटरची नवी छोटी पिंपं आणायची. त्यांना बारीक म्हणतात, आपला बारीक नव्हे, फ्रेंच शब्द आहे. ला मोर्राच्या एलिओ आल्तारेने वडिलांची जुनी पिंपं यांत्रिक करवतीने कापून टाकली, आणि वडिलांनी त्याला वारसाहक्कातून काढलं. विरुद्ध बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो. त्याने बाटलीच्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने घोषणाच लिहिली, बारीक नको आणि बेर्लुस्कोनी नको. नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास आणि दूरदर्शनवरचं राजकारण, दोन्ही त्याला एकाच रोगाची लक्षणं वाटत होती.

मी कोणाच्या बाजूने? मास्कारेल्लोच्या. पण आंधळेपणाने नाही. जुन्यांची सगळीच पिंपं स्वच्छ नव्हती, आणि मळकट पिंपाला परंपरा म्हणून खपवणारेही होते. आल्तारेच्या पिढीने तळघरं स्वच्छ केली, वेलींवरचा माल कमी करून द्राक्ष सुधारलं, हे श्रेय त्यांना द्यायला हवं. पण तुरटपणा हा दोष समजून काढायला निघालात, तर उरतं काय? फिका रंग. मग तो भरायला लाकूड. आणि मग ती वाइन कुठलीही असू शकते. आता तिथे भांडण निवळलंय, बरेचसे मोठ्या जुन्या पिंपांकडे वळलेत.

आता आपल्याकडे येऊ. कारण हेच भांडण आपल्या दाराशी आहे, फक्त आपण ते भांडत नाही. आपल्याकडची इटालियन रेड म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज. उसाचा मुलूख, साखर कारखान्याचा. तिथे २००७ साली फ्रातेल्ली सुरू झाली. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू, अशा तीन जोड्या. सातवा पिएरो मासी, टस्कनीचा वाइन करणारा. म्हणून त्यांच्या वरच्या वाइनचं नाव 'सेत्ते', म्हणजे सात. द्राक्ष नेब्बिओलो नाही, सांजोव्हेजे. टस्कनीचं. पण स्वभावाने लांबचा चुलतभाऊ म्हणता येईल: रंगाला फार गडद नाही, आंबटपणा चांगला, तुरटपणा ठळक. सेत्तेत त्याच्या जोडीला कॅबर्ने सोव्हिन्यों आहे आणि लाकूड आहे. चांगली बांधलेली वाइन आहे, नाव मिळालं ते उगीच नाही. पण जीभ शिकवायची असेल तर मी सेत्तेऐवजी त्यांची साधी, एकट्या सांजोव्हेजेची बाटली घ्या म्हणेन. तिथे कॅबर्नेचं अंग नाही. द्राक्ष एकटं उभं आहे. कुठे उभं राहतं, कुठे डगमगतं, ते दिसतं.

आणि ते डगमगतं, त्याला कारण आहे. आपल्याकडे वेल झोपत नाही. पिएमोंतेत हिवाळा तिला झोपवतो, आपल्याकडे शेतकऱ्याची कात्री. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी, आणि जानेवारी ते मार्च काढणी. तिकडे ज्या ऑक्टोबरात नेब्बिओलो उतरवतात, त्याच ऑक्टोबरच्या सुमारास नाशिक-सोलापूरकडे फळ छाटणी होते. तिकडे धुक्यावरून द्राक्षाचं नाव पडतं, आणि आपल्याकडे धुकं पडलं की बागाईतदाराची झोप उडते, डाऊनी आली का भुरी आली म्हणून. छाटणीपासून साधारण पाच महिन्यांच्या आत, शेवटी तापत्या उन्हात, द्राक्ष काढायचं. साखर भराभर चढते, तुरटपणा मात्र आपल्या वेळेने पिकतो. पिकलेलं जांभूळ तुरट असतं आणि हिरवट जांभूळही तुरट असतं, पण दोघांत फरक आहे ना? तोच फरक. हिरवट तुरटपणा टाळायला वाइन मऊ करण्याकडे कल जातो, आणि गिऱ्हाईक तर "स्मूथ" मागतच असतं. आपण जर तुरट या शब्दाने कौतुक करायला शिकलो नाही, तर करणाऱ्याने तो का जपावा? मराठीत समीक्षा नाही, म्हणून वाइनही तशी नाही, इतकं सोपं मी म्हणणार नाही, हवामान आहेच. पण मागणीची भाषा हा भाग आपल्या हातात आहे.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी चार गोष्टी. एकदम बारोलोच्या मागे लागू नका. 'लांगे नेब्बिओलो' असं लिहिलेली बाटली त्या मानाने स्वस्त आणि लवकर पिण्याजोगी असते. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, ती खोली युरोपातली, मे महिन्यातली डोंबिवलीची नव्हे. फ्रिजमध्ये ठेवा, १६ ते १८ अंशांवर येऊ द्या. मोठ्या ग्लासात थोडी ओता आणि तासभर राहू द्या, वास हळूहळू उघडतो. मालवणी रश्श्याबरोबर घेऊ नका, तिखट आणि तुरट यांचं बिलकूल जमत नाही, दोन्ही एकमेकांना चिडवतात. कमी तिखटाचं, चरबी असलेलं मटण किंवा जुनं चीज घ्या. टॅनिनला धरायला प्रथिनं मिळतात आणि ते तुमच्या जिभेला सोडतं. पहिला घोट मोजू नका. दुसऱ्या घोटानंतर शेजारच्याला एकच वाक्य सांगा, मराठीत, आणि त्याने तिसऱ्या घोटात ते शोधावं.

आणि ज्यांना प्यायचीच नाही, त्यांच्यासाठी आवळा, सुपारी आणि जांभूळ तीन वाट्यांत घेऊन बसा. तिन्ही तुरट. कुठलं आधी आवळतं, कुठलं जास्त टिकतं, कुठल्यामागून गोडवा येतो, ते लिहून काढा. आवळ्यावर पाणी प्यायल्यावर काय होतं, तेही लिहा.

इथे थांबतो. मागच्या रांगेत हात वर झालेला दिसतोय, आधी त्यांचा प्रश्न घेऊ.